चालताना बोलायचं नाही

कापसाचा हंगाम लागला की आमच्या दिग्रसच्या गल्लीत आधी विजेच्या तारा पांढऱ्या होतात. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे जाणारा रस्ता गल्लीच्या तोंडावरूनच जातो. गच्च भरलेले ट्रॅक्टर, वर कशीबशी आवळलेली ताडपत्री, आणि वळणावर चाक खड्ड्यात गेलं की उडणारे पुंजके. ते तारांना चिकटतात, बाभळीच्या काट्यांना चिकटतात, दोरीवरच्या ओल्या कपड्यांना चिकटतात. आज सकाळी खिडकी उघडी ठेवून मी कामाला बसले, तर थोड्याच वेळात लॅपटॉपच्या बटणांवर कापूस. फुंकर मारली तर तो उडून चहात पडला. यंदाचाही हंगाम लागला म्हणायचा. नसता लागला तर बरं झालं असतं, असं मनात आलं, आणि तसं मनात आल्याचं वाईटही वाटलं. या दिवसांवर गल्लीतल्या निम्म्या घरांची चूल पेटते.

एके काळी मला हे दिवस फार आवडायचे. दिवाळी सरलेली, सकाळी अंगावर काटा आणणारी थंडी, सरकीचा तेलकट वास, जिनिंगची दिवसभर चाललेली घरघर आणि तांड्यावरून आलेल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या. माझी आई तांड्यावरच्या शेतात वेचणीला जायची. आम्ही बंजारे, आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतो. याडीच्या कमरेला साडीची ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर, नजर पुढच्या झाडावर, तोंड शेजारच्या ओळीतल्या बाईशी गप्पांत, आणि मध्येच माझ्या नावानं हाक की तिकडं बांधावर, धुऱ्यावर जाऊ नको, काटे आहेत. हे सगळं एकाच दमात. मला वाटायचं, बाईमाणूस असंच असतं. पुढे कळलं की आमच्याकडे माणूसच असं असतं.

बा तर त्याहून वरचढ. बा एसटीत कंडक्टर होता. दिग्रसहून दारव्हा, बोरी अरब करत यवतमाळला जाणारी गाडी, आणि ती कायम खचाखच भरलेली. लहानपणी मी पुढच्या सीटवर बसून मागे वळून त्याला पाहत राहायचे. गाडी डुलते आहे, बा गर्दीतून वाट काढतो आहे, एका हातानं तिकीट फाडतो आहे, काखेत कुणाचं तरी लेकरू, कुण्या म्हातारीला सांगतो आहे की तुहा फाटा आला का मीच उतरवतो, तू झोप. त्याच वेळी मागच्या दारातल्या पोट्ट्यांना दम, आणि दोरीला हात घालून डबल बेल. दांडीला न धरता बा त्या गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. मी एकदा विचारलं, 'बा, तू पडत नाही?' तो म्हणाला, 'बोलत राह्यलं का तोल राह्यते, बेटा.'

त्याचं ते बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण त्यात काहीतरी आमच्या रक्तातलं होतं. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढे बैल, मागे माणसं, आणि तोंडाला टाळं नाही. वाटेत सोयरीक जमायची, वाटेत भांडणं मिटायची, वाटेत गाणी व्हायची. इतकी वाट मुक्यानं कोण तुडवील? चालणं आणि बोलणं ही आमच्यात कधी दोन कामं नव्हतीच. पुढे तांडे एका जागी बसले, शेती आली, काही जण नोकरीला लागले, पण बाला नोकरी मिळाली तीही चालत्या गाडीत बोलत राहण्याची. बा निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता हा घरात कसा बसणार? तो बसला नाहीच. रोज सकाळी उठून पायी स्टँडवर जायचा, तिथल्या बाकावर बसायचा, गाड्या पाहायचा, उतरणाऱ्या-चढणाऱ्या सगळ्यांची ख्यालीखुशाली घ्यायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा.

दोन वर्षांपूर्वी पोळा झाला आणि एका सकाळी बाच्या हातातून चहाचा कप सुटला. कप फुटल्याचं त्याला कळलंच नाही. याडीनं त्याचं तोंड पाहिलं, एका बाजूला ओघळलेलं, आणि गल्ली गोळा होईल असं ओरडली. यवतमाळच्या दवाखान्यात किती दिवस गेले ते मला धड आठवत नाही. मी पुण्याहून आले ती दोन कपडे आणि लॅपटॉप घेऊन. बाची जीभ आठवडाभर जड राहिली. मग एका दुपारी तो वॉर्डातल्या बाईला म्हणाला, 'ओ ताई, थो पंखा बंद करा ना, माह्याच्यानं सहन नाही होऊन राह्यला.' याडी रडायला लागली. बोलणं आलं म्हणजे बा आला, असंच आम्हाला वाटलं. डावा पाय मात्र आला नाही. तो होता, हलत होता, पण बाच्या हुकमात नव्हता.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या, शांत होत्या, आणि जे सांगायचं ते एकदाच सांगत. त्यांनी बाला वॉकर न देता काठी दिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'हे बघा, आधी चालणं त्यांचं आपोआप व्हायचं. आता नाही होणार. आता प्रत्येक पाऊल त्यांना मनात ठरवून टाकावं लागेल. टाच, गुडघा, मग पुढचा पाय. मध्ये कोणी बोललं, त्यांनी उत्तर द्यायचं मनात आणलं, की पाय तिथंच राहील आणि अंग पुढं जाईल. म्हणून चालताना बोलायचं नाही. एका वेळी एकच काम. हे थोडेच महिने हातात आहेत. या थंडीत ते स्वतःच्या पायानं फिरू लागले तर फिरतील. नाहीतर मग अवघड आहे.'

मी बाकडे पाहिलं. तो काठी हातात घेऊन शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकाला विचारत होता, तुम्ही कुठले, राजूरचे का, मंग तिकडं कोळशाच्या खाणीत कामाला कोन हाय तुमचं? एका वेळी एकच काम, हे मी या माणसाला कोणत्या भाषेत सांगणार होते?

गंमत अशी की त्याच दिवसांत आमच्या कंपनीनंही हेच सुरू केलं होतं. मी घरी बसूनच कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. पडद्यावर एका वेळी चार-पाच खिडक्या उघड्या असतात; एकीत चेन्नईचा माणूस चिडलेला, दुसरीत सुरतची बाई रडकुंडीला आलेली, तिसरीत कुणी नुसतंच 'हॅलो हॅलो' करतंय. आमच्याकडून चुका होतात, सुरतचं उत्तर चेन्नईला जातं, म्हणून कंपनीनं एक प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावरचा हसरा माणूस सांगत होता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एक सोडून सगळ्या खिडक्या बंद करा, एक काम हातात घ्या आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याकडे पाहू नका, मग बघा तुमचा वेग कसा वाढतो ते. मी हे ऐकत तुरी सोलत होते, एक कान कुकरच्या शिट्टीकडे होता आणि एक डोळा अंगणातल्या बाकडे. तो माणूस खोटं बोलत नव्हता. मॅडमही खोटं बोलत नव्हत्या. पण त्या दोघांनीही आमची गल्ली पाहिलेली नव्हती.

आमच्या गल्लीतून माणूस गपचूप जाऊच शकत नाही. कुणी दिसलं की विचारायचंच, 'काहो, कुठी चालले?' ज्याला विचारलं त्यानं सांगायचं, आणि सांगितलं नाही तर घरी जाऊन लोक म्हणतात, काय झालं बाप्पा याले, उत्तर देल्लं नाही, रागावला काय आपल्यावर? जाणारा स्टँडवर जातो आहे हे डोळ्यांना दिसत असलं तरी विचारतात. भाजीची पिशवी हातात दिसली तरी विचारतात. हे विचारणं म्हणजे माहिती काढणं नव्हे. 'तू आहेस, मी तुला पाहिलं' एवढंच त्यात असतं. आजारातून उठलेल्या माणसाला न विचारणं तर पापच. आणि बा तर आख्ख्या गल्लीचा कंडक्टरसाहेब.

पहिले काही दिवस मी त्याच्यासोबत चालायचे. कुणी तोंड उघडायच्या आत ओठांवर बोट ठेवायचे. लोक ओशाळून हसायचे. बाच्या कपाळावर घाम, ओठ हलताहेत, मनातल्या मनात टाच-गुडघा म्हणतोय, आणि पाय पडतोय. पण माझ्या कामाची वेळ झाली की तो एकटाच निघायचा. थांब म्हटलं तर म्हणायचा, 'तू तुह्या खिडक्या सांभाळ.'

एका सकाळी तो चहाच्या टपरीपर्यंत गेला. टपरीवाला सलीमभाई बाच्या गाडीनं वर्षानुवर्षं यवतमाळला गेलेला माणूस. दवाखान्यातून आल्यापासून बाला त्यानं पहिल्यांदाच पायावर पाहिलं. त्याला इतका आनंद झाला की हातातली चहाची गाळणी तशीच वर धरून तो ओरडला, 'अरे वा साहेब! आज तं डबल बेल!' बानं हसून त्याच्याकडे मान वळवली. हात वर केला. तोंड उघडलं. आणि डावा पाय जिथं होता तिथंच राहिला. मी खिडकीतून पाहत होते. धावले, पण काय उपयोग? नालीच्या फरशीवर बाचं कपाळ आपटलं, कोपर सोललं. सलीमभाई त्याला मांडीवर घेऊन बसला होता आणि पोरासारखा रडत होता, 'माह्या जिभेले आग लागो.' बा त्यालाच समजावत होता, 'काही नाही झालं बे. पडलो तं पडलो.'

त्या संध्याकाळी याडीनं पायात चप्पल घातली आणि गल्लीतल्या एकेका दारात गेली. माझी याडी कुणापुढे हात पसरणारी बाई नव्हे. तिनं प्रत्येक उंबऱ्यावर पदर पसरला. 'थे सकाळी चालाले निघते ना, तेव्हा तुम्ही कोनीच त्यायच्याशी बोलू नका. हाक नका मारू, इचारू नका. तुमच्या पाया पडते. थे घरी बसले असन तेव्हा या, कितीही बोला. पन चालतानी नको.' लोकांनी ऐकलं. शेवंताकाकूंनी तर याडीच्या हाताला हात लावून शपथ घेतली. आमच्या समोर राहतात त्या; सकाळी अंगण झाडताना आख्ख्या जगाची विचारपूस करणाऱ्या. बाला मात्र यातलं काही सांगायचं नाही असं याडीनं ठरवलं. त्याला आपल्यासाठी कुणी पदर पसरलेला आवडला नसता.

दुसऱ्या सकाळपासून आमची गल्ली मुकी झाली. मला आधी हसूच यायचं. बा दारातून निघाला की एकमेकांना खुणा व्हायच्या. नळावरच्या बाया भांड्यांचा आवाजसुद्धा थांबवायच्या. शेवंताकाकू झाडणं थांबवून भिंतीला लागून उभ्या राहायच्या, पदर तोंडावर दाबलेला, कारण शपथ एकीकडे आणि जिभेची सवय एकीकडे. सलीमभाई स्टोव्ह बारीक करून, छातीवर हात ठेवून, खाली मान घालून उभा राहायचा. पोरं क्रिकेट थांबवून बाजूला व्हायची. कापसाचे पुंजके तेवढे हवेतून येत-जात राहायचे, आणि बाच्या काठीचा आवाज.

आणि बा चालायला लागला. काय सांगू! मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. आधी टपरीपर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग जिनिंगच्या फाटकापर्यंत. डावा पाय अजून ओढत होता, पण पडत होता जिथं पडायला पाहिजे तिथं. यवतमाळला तपासणीला नेलं तेव्हा मॅडमनी त्याला चालवून पाहिलं आणि पहिल्यांदा मोकळं हसल्या. म्हणाल्या, 'असंच चालू द्या. संक्रांतीपर्यंत स्टँडवर जातील.' याडीनं तेव्हाच मनात स्टँडवर वाटायला तिळाचे लाडू वळून टाकले असतील. मीही खूश होते. एका वेळी एकच काम; इतकं सोपं औषध, आणि आपण जन्मभर ते घेतलं नाही! मी माझ्या पडद्यावरच्याही खिडक्या बंद करून पाहिल्या. माझा वेगही वाढला. वरच्या साहेबाचं शाबासकीचं पत्रही आलं.

पण घरात काहीतरी बिनसत होतं. बा चालून आला की खाटेवर बसायचा आणि भिंतीकडे पाहायचा. आधी तो आल्याबरोबर सांगायचा, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोरगा कुठं लागला. आता सांगायला त्याच्याजवळ काही नव्हतंच. वाटेत त्याला काही मिळतच नव्हतं. दुपारी लोक भेटायला येत, ठरल्याप्रमाणे, पण ते आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे येत. खुर्चीत बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, बरं वाटते काय म्हणून. बा 'हो' म्हणायचा. लोक उठून जायचे. मला वाटलं, चालून दमतो बिचारा. याडीला वाटलं, नजर लागली. तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

मग एक दिवस जेवताना त्यानं भाकरीचा घास हातात धरूनच मला विचारलं. त्याचा आवाज साधा होता, भांडणाचा नव्हता.

'बेटा, मले एक सांग. मी मेलो काय?'

'काय बोलतो, बा!'

'नाही, खरं सांग. मी गल्लीतून निघतो, लोकं बाजूले होते. बाया पदर तोंडाले लावते. सलीम खाली मान घालून उभा राह्यते. पोट्टे खेळ थांबवते. कोनी हूं का चूं नाही करत. असं लोकं कवा करते? मयत निघाली का करते. मी रोज माहीच मयत पाहून राह्यलो.'

आमच्यापैकी कुणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. खरंच तर होतं. तिरडी निघाली की आमच्याकडे असंच उभं राहतात, दुकानदार दुकानातून खाली उतरतात, स्टोव्ह बारीक करतात, बोलणं थांबवतात. त्याच्या भल्यासाठी गल्लीनं केलेलं सगळं त्या एकाच गोष्टीसारखं दिसत होतं, आणि ते बघणारा एकटा तो होता. मी त्याला सगळं सांगून टाकलं. मॅडमचं म्हणणं परत सांगितलं, याडी दारोदार फिरली ते सांगितलं. तो चिडेल असं वाटलं. तो याडीकडे वळला. मग तिला म्हणाला, 'तू पदर पसरला? माह्यासाठी?' आणि हातातला घास त्यानं तोंडात घातला.

सकाळी काठी घेऊन तो दारात उभा राहिला आणि समोर अंगण झाडणाऱ्या शेवंताकाकूंना त्यानंच हाक मारली. 'काहो वयनी, काय म्हनते तब्येत?' काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कशासाठी हलवली मलाही कळलं नाही. मग काकूंच्या तोंडाचा बांध फुटला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं. बा उभा राहून ऐकत होता. पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं आणि बोललं की पाऊल, म्हणून तो प्रत्येक दारापाशी उभा राहायचा. पण उभं राहणं चालण्यापेक्षा कठीण होतं. तिसऱ्या घरापर्यंत त्याचा पाय लटलट कापायला लागला. चौथ्या घरी कुणीतरी खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीत तो जेवायच्या वेळेपर्यंत बसला आणि तिथूनच परत आला, सलीमभाईच्या खांद्यावर हात टाकून. चेहऱ्यावर मात्र काय तेज! घरात पाय टाकल्याटाकल्या सुरू झाला, अगं, त्या नळाजवळच्या पोट्टीचं लग्न ठरलं, तुमाले मालूम नाही?

मी म्हटलं, आज झालं ते झालं, उद्यापासून नेमानं चालू. दुसऱ्या दिवशी दोन घरं झाली. तिसऱ्या दिवशी तर शेवंताकाकूंच्या ओट्याच्या पुढे तो गेलाच नाही. टपरी, गल्लीचं तोंड, जिनिंगचं फाटक, सगळं एकेक करून मागे पडत गेलं. मॅडमनी त्याला पुन्हा चालवून पाहिलं आणि हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, 'मांडी बारीक होत चालली आहे. आता बसले तर बसले.' मी घरी येऊन बाशी भांडले. चांगली मोठ्यानं भांडले. सकाळी एक तास गप्प चाल आणि मग दिवसभर बोल, कोण अडवतंय तुला? एवढंही का होत नाही तुझ्याच्यानं?

तो म्हणाला, 'होते ना. होते तं करूनच दाखवलं. पन तसा चालून मी कुठी पोहोचणार? स्टँडवर? तिथी जाऊन काय करू? तिथी मी पायानं कायले जात होतो? बोलाले जात होतो.'

'पण पाय जातील, बा. कायमचे.'

'पाय गेले तं तुम्ही दोघी उचलून नेसान. बोलनं गेलं तं मले कोन बोलून दाखवन?'

मॅडमचं बरोबर होतं. प्रशिक्षणातल्या माणसाचं बरोबर होतं. एक काम धरा, बाकी सोडा, ते काम नीट होतं. झालंच होतं की! माझ्या डोळ्यांनी मी बाला जिनिंगच्या फाटकापर्यंत जाताना पाहिलं होतं. पण कोणतं काम धरायचं आणि कोणतं सोडायचं हे कुणी सांगत नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि बानं ठरवलं होतं. मला राग होता तो याचा, की त्यानं माझ्या मनासारखं ठरवलं नाही. अजूनही आहे. रात्र-दिवस समजावून, शपथा घालून, रडून, अबोला धरून पाहिलं. याडीनं उपास धरला. बानं तिला फक्त विचारलं, 'तू उपाशी राहून मले शिक्षा देऊन राह्यली का?' तिनं उपास सोडला.

त्या हंगामात कापूस उशिरापर्यंत येत राहिला. फरदडीच्या, म्हणजे शेवटच्या बारक्या बोंडांच्या कापसाचे ट्रॅक्टर होळीपर्यंत वळणावर डुलत होते. पुढच्या हंगामात बाला खाटेवरून खुर्चीपर्यंत जायलाही माझा हात लागायला लागला. आणि हा तिसरा हंगाम. आता त्याचे पाय पांघरुणाखाली इतके बारीक दिसतात की पांघरूण सारखं करताना मी तिकडे पाहत नाही. सकाळी आम्ही त्याला बाहेर ओट्यावरच्या खुर्चीत नेऊन ठेवतो. गल्ली तिथं थांबते. कुणी जिनिंगच्या पाळीवर जाताना, कुणी शाळेत जाताना, कुणी उगीच. ट्रॅक्टरवाले वळणावर वेग कमी करून 'राम राम साहेब' ओरडतात. बा सगळ्यांना पुरतो. खरं तर आमच्या घरात इतकं बोलणं कधीच नव्हतं. मॅडम सोडल्या तर कुणालाही वाटत नाही की बाचं काही वाईट झालंय. मला वाटतं. त्याला असं आनंदात बोलताना पाहून मला कधी कधी त्याला गदागदा हलवावंसं वाटतं, आणि कधी त्याच्या खुर्चीपाशी बसून नुसतं ऐकत राहावंसं वाटतं, आणि माझ्या खिडकीत तर चार माणसं उत्तराची वाट पाहत असतात.

आज ऊन उतरलं तशी हवा एकदम गार झाली. याडीनं मला हाक मारली. मी पडद्यावरच्या चौघांनाही थोडा वेळ थांबा असं लिहिलं आणि बाहेर आले. बा शेवंताकाकूंच्या जावयाला कुठलीशी हकिगत सांगत होता. भर पावसात गाडी बंद पडलेली, बोरी अरबच्या लोकांनी ढकललेली, आत एक बाळंतीण. मी म्हटलं, बा, आत चल. तो म्हणाला, 'हो, हो, चाल ना,' आणि हकिगत सुरूच ठेवली. याडीनं त्याच्या काखेत हात घातले, मी गुडघ्यांखाली. बारीक झाला तरी बा हाडानं मोठा माणूस आहे. आणि याडीचं वय आता उचलण्याचं नाही. आम्ही त्याला उचललं. त्याचं तोंड अजून गल्लीकडेच होतं, आणि तो बोलतच होता, की मंग त्या बाईले पोरगी झाली, अन् तिचं नाव लोकायनं काय ठेवलं मालूम हाय? जावई हसला. आम्ही एक पाऊल टाकलं, थांबलो, दुसरं टाकलं. मी दात आवळून धरले होते. याडीचा श्वास माझ्या कानाशी वाजत होता.

बानं मान वळवून आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

'काहून गप हा तुम्ही दोघी?' तो म्हणाला. 'बोला ना काही.'

याडीनं नुसती मान हलवली. उंबरठा अजून यायचा होता.